काचेपलीकडची वाट

भाषा शिकवणाऱ्या बाईंना आईने पत्रातून स्वतःची हिवाळ्यावरची कविता पाठवली. बाईंनी ती नाव न सांगता वर्गात वाचली: निष्पर्ण झाड, धुक्यात बुडालेली वाट, रोज सकाळी खिडकीची काच पुसणारी म्हातारी. “यात निसर्ग कुठे, एकांत कुठे?” मुलांनी भराभर सांगितलं, झाड, धुकं म्हणजे निसर्ग, म्हातारी म्हणजे एकांत. “बरोबर. तिला एकांतच आवडतो,” बाई म्हणाल्या. आई नेहमी तसंच म्हणायची. वर्गातली बडबडी मुलगी उठली. “नाही बाई! एकांत आवडत असता, तर तिने काच रोज कशाला पुसली असती? ती कुणाचीतरी वाट बघतेय.” बाईंना पुढे शिकवणं जमेना. मधल्या सुट्टीत त्यांनी फोन लावला. “आई, शनिवारी येते. राहायलाच.” “कशाला उगाच दगदग? मी मजेत आहे.” “येतेच मी,” बाई म्हणाल्या. आईने हळूच विचारलं, “किती वाजता पोचशील?”