राखून ठेवलेली खुर्ची

सगळे चिप्स हरलेला डेल्बर्ट पुन्हा पैसे भरून पोकरच्या स्पर्धेत परतला. व्हेगासमधली भर दुपार होती. त्याला जुनीच खुर्ची मिळाली.

पहिल्याच डावात दोन एक्के आले. पण पत्ते वाटणाऱ्या लोरीनने ते ओढून बाजूला टाकले, उठून गेलेल्या खेळाडूचे टाकतात तसे.

“अहो बाई, मी बसलोय ना इथे!”

तिने मानही वर केली नाही. शेजारचा म्हातारा वेंडल हसला. “डेल्बर्ट गेला कुठे? परत पैसे भरायची हिंमत होत नाहीये वाटतं!”

“तो काय, आलाच,” समोरच्या खेळाडूने बोट दाखवलं.

पैसे भरायच्या खिडकीपासून एक माणूस चिप्स घेऊन वळला. चेहराही डेल्बर्टचाच. डावा खांदा पाडून, अगदी डेल्बर्ट चालतो तसा, सरळ इकडे आला.

लोरीनने आता मान वर केली. “बसा, बसा. तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय.”