तुळशीवरच्या पतंगाचं बारसं

ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या घरी माझ्या तुळशीवर अळ्या पडल्या. चातुर्मासात जीव कसा मारायचा, म्हणून खाऊ दिलं त्यांना. माझा मुलगा निनाद इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, पतंगांवरच काम करतो. तो म्हणाला, "आई, ही पतंगाची नवीनच जात आहे. हिला बाबांचं नाव देतो."

युनीतल्या समारंभात नाव जाहीर करायचा मान मला मिळाला. पण ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेत नाही, तसा नेमच आहे. सगळा हॉल थांबलेला.

"आई, प्लीज," निनाद कुजबुजला.

मी पदर सावरला आणि माईकवर सरळ उखाणा घेतला, "तुळशीला घातलं पाणी, अळीने खाल्लं पान, मुकुंदरावांच्या नावाला परदेशात मान."

 

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या, मराठी न कळणाऱ्या ऑस्ट्रेलियन प्राध्यापकबाईंनी निनादला हळूच विचारलं, "मेट, शास्त्रीय नाव दोनच शब्दांचं असतं ना?"