तळ्याला हात लावू नका

पाचवा मासा मेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. निवृत्त लिफ्ट मेकॅनिकनं तो जाळीनं उचलला, कुंपणाशी पुरला आणि बाह्या सरसावून पुन्हा तळ्याचा काठ घासायला बसला.

बागेतलं ते छोटं तळं बायकोचं. ऑपरेशन होऊन ती घरी आली, त्याला आठ दिवस झाले. तेव्हापासून तळं त्याच्या ताब्यात होतं. तपासणीला पाठवलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला अजून सहा दिवस होते आणि त्याला एका जागी बसवत नव्हतं. रोज त्यानं तळं उपसलं, शेवाळ खरवडलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून नवाकोरा केला. पाणी लख्ख झालं आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागले.

शेवटी बायकोनंच त्याला खिडकीतून हाक मारली. तळ्याचं पाणी काचेच्या नळीत घेऊन या, म्हणाली. पाणी तपासायच्या तिच्या डबीतले थेंब त्यात पडले, तसं पाणी पिवळं झालं, मग गर्द हिरवं. तिनं नळी उजेडात धरली. अमोनिया वाढला होता. काय काय केलंत, तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, जरा ऐटीतच.

“अहो, माशांची घाण पचवणारे जंतू त्या स्पंजातच असतात,” ती म्हणाली. “तुम्ही रोज तेच धुऊन टाकलेत. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन.”

मग आता काय करायचं ते तिनं सांगितलं: क्लोरीन मारायचं औषध घालून पाव हिस्साच पाणी बदला, हवेचा पंप चालू ठेवा, माशांचं खाणं बंद. अर्ध्या तासात ते आटोपून तो ओल्या हातांनी परत दारात हजर. फिल्टर एकदा उघडून बघू का, विचारायला.

“नको. आता हात लावायचा नाही.”

“किती दिवस?”

“जंतू पुन्हा जम धरेपर्यंत.”

“आणि तोवर मी काय करू?”

ती हळूहळू, कूस सांभाळत, पलंगावर थोडी सरकली. रिकाम्या झालेल्या जागेवर तिनं हात ठेवला.

तो कडेला टेकला. एक पाय अजून दाराकडेच होता. बाहेर पंप बुडबुडत होता. तिकडे कान देत तो थोडा वेळ बसला. मग त्यानं मान वळवली आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“खूप दुखतं का गं?” त्यानं विचारलं.