डोळे मिटून

रविवारी दहाच्या ठोक्याला काका आले आणि सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. वीस वर्षं दोघे भाऊ इथेच बसून उत्क्रांतीवरून भांडले. आज काकांनी हातातली पिशवी पायाशी ठेवली.

ती कपाटाशी उभी होती. हातात बाबांची घेवड्याच्या बियांची बरणी आणि नोंदवही. जे वेल सगळ्यांत आधी फुलायचे, त्यांचंच बी बाबा पुढच्या वर्षासाठी राखायचे. वहीतली पहिली नोंद : पेरल्यापासून बावन्नाव्या दिवशी फूल. शेवटची : त्रेचाळिसाव्या. यंदा पेरणीचे दिवस सरत आले होते, पण वही मिटून ठेवायला तिचा हात धजत नव्हता.

"पेरू की नको, कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही तर म्हणायचात, घेवडा घेवडाच राहिला."

"राहिलाच की! माकडाचा माणूस झालेला मी तरी पाहिला नाही."

"भावजी, आधी चहा घ्या, मग माकडं काढा," आतून आई म्हणाली.

"काका, बाबांची उत्क्रांती म्हणजे बावन्नाचे त्रेचाळीस झाले, ते नऊ दिवस."

"नऊ दिवस मला कधीच मान्य होते गं. मला वाटायचं, दादा देवाला घराबाहेर काढतोय."

"आणि त्यांना वाटायचं, तुम्ही दिवसच मोजू देत नाही."

आईने कप ठेवले. "मग वीस वर्षं भांडलात कशाला?"

"वहिनी, नाहीतर रविवार कसे गेले असते?"

मग काकांनी पिशवीतून एक बरणी काढली आणि ओशाळून मांडीवर धरली. "दादाला खोटं पाडायचं म्हणून पहिल्याच वर्षी त्याचं मूठभर बी पळवलं होतं. दर वर्षी पेरतो. निवडत नाही, देवाने दिलं तसं, डोळे मिटून मूठ भरतो. अजून बावन्नाव्या दिवशीच फुलतं. त्याला दाखवायचं राहून गेलं."

तिने वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. समासात बाबांचं बारीक अक्षर होतं : 'थोडं बी न निवडता पेरत राहायला हवं होतं. आता तुलना कशाशी करणार?'

काकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याचीच चाकरी केली! लबाड कुठला."

दुपारी घरामागे दोन ओळी आखल्या. बाबांच्या ओळीत तिने एकेक बी बोटाने खोचलं. शेजारी काका वाकले, आपल्या बरणीत हात घातला आणि डोळे घट्ट मिटले.