सात रात्रींची गोळी

धुळीचे गरम वारे सुटले की आमच्या झिंडर शहरात मेंदूचा ताप घरोघर फिरतो. या वर्षी तो आमच्या नवऱ्याला, लावालीला, लागला. मान लाकडासारखी ताठली, उजेड बघवेना. त्याला दवाखान्यात ठेवून आम्ही दोघी सवती अंगणात बसलो होतो, धीर द्यायला शेजारणी जमल्या होत्या. तेवढ्यात नर्सबाई गोळ्यांची डबी घेऊन आल्या.

"हा ताप श्वासातून लागतो. गेल्या सात रात्री त्याच्यासोबत एका खोलीत कोण झोपलं? तिने गोळी घेतली नाही, तर पुढचा नंबर तिचा."

"हिला द्या!" मी धाकट्या रकियाकडे बोट केलं. "आमच्यात जिची चुलीची पाळी, तिच्याकडे नवरा दोन रात्री झोपतो. पण माझ्या पाळीलाही बाजरी मी कांडायची, जेवण माझ्या हातचं, आणि मी पाठ टेकली की हा उठून हिच्याकडे!"

"माझ्याकडे?" रकिया उसळली. "खोटं बोलू नका, अक्का! माझ्या पाळीलाही तो उठूनच जायचा. तुमच्याकडे जातो म्हणून उशीत तोंड खुपसून मी तुम्हाला शिव्या घातल्या!"

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बायांनो, मग गोळी देऊ तरी कोणाला?"



शेजारणींतून विधवा इंदो उठली आणि आमच्याकडे न बघता तिने हात पसरला. "तीन द्या, बाई. माझी दोन्ही पोरं माझ्याच खोलीत झोपतात."