गेलेली लाली

जीवरामनानांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पाहण्यासाठी लेकीपुढे धरला. "पाय, नायट्याची लाली गेली. आता तरी दे पोरीले माह्या हाती."

भूमिकाने दीड महिन्याच्या बाळाला छातीशी अधिकच घट्ट धरले. फैजपूरच्या या घरात नात जन्मली तेव्हापासून नानांनी तिला दुरूनच पाहिले होते. हातावर नायटा होता. दोन दिवसांत तो मावळला, तो एका मलमाच्या नळीने. दुकानदाराने चिठ्ठी न मागता ती दिली होती. शास्त्राला जे वर्षानुवर्षे साधत नाही, ते आपल्याकडे गल्ल्यापलीकडून दोन मिनिटांत साधते.

भूमिकाने खिडकीच्या उजेडात हात पाहिला. लाली नव्हती, पण नायट्याची खरबरीत कड मनगटापासून कोपराकडे बोटभर सरकली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती हेच अभ्यासत असे. कातडी म्हणजे नुसता पडदा नव्हे. परके कोणी शिरले की तिच्या पेशी आतल्या फौजेला हाका मारतात. लाली आणि खाज हा त्या हाकांचाच गलका. मलमाने नायट्याची बुरशी मारली नव्हती, हाक दाबली होती. हे सारे तिने सांगितले. नानांचे म्हणणे पडले की शिकलेल्यांना बऱ्या माणसातही रोगच दिसतो.

तिने विचारले, "नाना, परसाल भुंकतो म्हणून काळ्याचं तोंड कोणी बांधलं होतं?"

स्वयंपाकघरातून भूमिकाची आई सुगंधाबाई हसल्या. राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधलेल्या त्या आठवड्यात मळ्यात अपूर्व शांतता होती, आणि त्या शांततेत रानडुकरांनी केळीचे कंद ओळीच्या ओळी उकरले होते.

नाना हाताकडे पाहत राहिले. मग खिशातली नळी काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि उद्या जळगावला डॉक्टरकडे जायचे ठरवले.

डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्याला आठवडा झाला, तेव्हा नाना उंबऱ्यापाशी बसले होते. पाळण्याला त्यांनी दारापर्यंत पोचेल एवढी लांब दोरी जोडली होती. मलम बंद केल्यापासून उजव्या हातावर पुन्हा लालभडक कडे उठले होते. डाव्या हाताने ते नातीला झोका देत होते.

भूमिकाने विचारले, खाज फार आहे का?

"भुंकून राह्यलं," नाना कौतुकाने म्हणाले. "भुंकू दे."