बर्फातलं कॉलेज

"त्याला सांगा, आठवडाभर आजारी पड म्हणून," हेमा म्हणाली.

शिरीषने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे फ्रान्समध्ये, आल्प्समधल्या एका छोट्या गावात, त्यांचा मुलगा गंधार कुणाच्या तरी पायात बूट चढवत होता. स्कीइंगचे भाड्याचे बूट नवख्या माणसाला आपले आपण घालता येत नाहीत. समोर कुणालातरी गुडघ्यावर बसावं लागतं. या हिवाळ्यापुरता तो कुणीतरी म्हणजे गंधार होता.

"आजारी पडलो तर पगार कापतात, बाबा. अँड आय लाइक इट हिअर."

पुण्यातलं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून गंधार या सीझनच्या कामाला गेला, तेव्हा इथे बहारीनच्या मराठी मंडळींत सांगितलं गेलं की तो फ्रान्समध्ये हॉटेल मॅनेजमेंटचं मास्टर्स करतोय. तसं हे फार मोठं खोटं नव्हतं. फ्रान्स खरं होतं. हॉटेलही होतं, दुकानाच्या समोरच.

गंधार तिथे रुळला होता. एका खोलीत चौघं, खाली-वर पलंग, खिडकीबाहेर ठेवलेलं दूध. आधी त्याने हॉटेलात भांडी घासली, बर्फावर यथेच्छ आपटला, मग चालायला शिकला आणि मग बढती मिळून बुटांपर्यंत पोचला. फोनवर तो वितळलेल्या चीजबद्दल भरभरून बोलायचा आणि हेमा विचारायची, हात फुटलेत का.

घोर वेगळाच होता. मुलीचं, स्पृहाचं, लग्न वरुणशी ठरत आलं होतं. वरुण इथेच राजधानीत, मनामात, बँकेत. त्याचे वडील मयुरेश एका फायनान्स कंपनीत बड्या हुद्द्यावर आणि आई इरावती सगळ्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत. साखरपुडा फेब्रुवारीत होता. बोलणी चालू असताना इरावती म्हणाली होती, "आम्हाला देणंघेणं काही नको. घरात सगळे शिकलेले हवेत, बस." त्यावर हेमा गंधारच्या कॉलेजबद्दल इतकी रंगून बोलली की गावाचं नावही सांगून बसली.

आणि काल इरावतीचा फोन आला होता. "हेमाताई, आम्ही दोघं सुट्टीला तिथेच चाललोय. मयुरेशला यंदा स्कीइंग करायचंच आहे. गंधारचं कॉलेजही बघून येऊ."

"तुमच्या गावात बुटांची दुकानं किती रे?" शिरीषने विचारलं.

"एकच."

"मग सगळे लोक बूट कुणाकडून घेतात?"

"फ्रॉम मी, बाबा."

शिरीष बहारीनमध्येच, अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात सेफ्टी बघायचा. अपघात होण्याआधीच तो कसा होईल याची कल्पना करण्याचा त्याला पगार मिळे. त्याने कल्पना केली. मयुरेश खुर्चीत, पाय पुढे. गंधार खाली.

"ते आले तर मी लपणार नाही," गंधार म्हणाला. "विचारलं तर सांगेन. आय अ‍ॅम नॉट अशेम्ड."

"तुला कोण लाज वाटून घे म्हणतंय?" हेमा म्हणाली. "ती आम्ही घेतोय वाटून. तू फक्त तोंडाला मास्क लाव."

तो आठवडा बहारीनच्या सनद भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुणी धड जेवलं नाही. इरावती मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकत होती. डोंगर, रोपवे, कॉफीचा कप, पुन्हा डोंगर. ती दोघं मात्र एकाही फोटोत नव्हती. हेमा प्रत्येक फोटो मोठा करून कोपऱ्यात गंधार दिसतो का ते बघायची. मग त्याला फोन करायची.

"आले का?"

"नाही, आई."

शेवटच्या दिवशीही तो नाहीच म्हणाला.

"काचेतून पाहिलं असणार आणि बाहेरूनच परतले असणार," शिरीष म्हणाला. "खलास."

"आई, वरुण दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीये," स्पृहा म्हणाली. "काय झालं विचारलं तर म्हणतो, घरी टेन्शन आहे."

संक्रांतीचं हळदीकुंकू पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. बायका जमल्या. शिरीषची रवानगी बेडरूममध्ये झाली, पण दार त्याने किलकिलं ठेवलं. स्पृहा वाणाचे डबे वाटत होती. इरावती सगळ्यांत शेवटी आली, नवी पैठणी नेसून. हेमाने तिला कुंकू लावलं, त्यातलं थोडं तिच्या नाकावर सांडलं. इरावतीने ते पुसलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या एडना मूळच्या वसईच्या. दर वर्षी तिळाच्या लाडवांसाठी अगत्याने यायच्या. त्यांनीच विषय काढला.

"मग काय इरावती, फ्रान्सला जाऊन आलात ना? आमचा गंधार भेटला की नाही?"

सगळ्या इरावतीकडे बघू लागल्या. स्पृहा डबा हातात धरून तशीच उभी राहिली. हेमाच्या मनात आलं, निदान पोरीसमोर तरी नको.

इरावतीने लाडू मोडून एक तुकडा तोंडात टाकला.

"भेटला का म्हणून काय विचारता," ती म्हणाली. "रोज भेटायचा. मयुरेश सकाळी उठून स्कीइंगला आणि मी गंधारबरोबर कॉलेजात. काय सुंदर लायब्ररी आहे, हेमाताई. आणि त्याच्या प्रिन्सिपल बाई तर त्याचं कौतुक करताना थांबत नव्हत्या."

बेडरूमचं दार आतून हळूच बंद झालं.

हेमाने इरावतीकडे पाहिलं. त्या गावात बुटांचं दुकान एकच होतं. इरावती उरलेल्या लाडवाकडे बघत होती.

"हो, गंधारचा फोन आला होता ना," हेमा म्हणाली. "सांगत होता, मयुरेशकाका बर्फावर काय सुरेख घसरतात."